विक्रेता जेव्हा गिऱ्हाईक होतो

सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचे कापड दुकान चालविणारे एक गृहस्थ आहेत. वय ५४. घरात आणि पेठेत सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. घाऊक व्यापाऱ्याशी मीटरमागे पंचवीस पैशांसाठी तासभर बोलणारे, ताका उलगडून उजेडात धरल्याशिवाय होकार न देणारे आणि रात्री गल्ला मोजून कीर्दीतली शेवटची ओळ लिहिल्याशिवाय दुकान न सोडणारे, अशी त्यांची ख्याती आहे. अशा माणसाने गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी अवघ्या पंचवीस मिनिटांत ३६,००० रुपयांचा सौदा केला. अटी वाचल्या नाहीत, दुसरीकडे भाव विचारला नाही, एक दिवस थांबलेही नाहीत. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, ती रक्कम त्यांनी त्या रात्री घरखर्चाच्या वहीत लिहिली नाही.

दिवाळीनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगितले होते. रोज चालावे आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, एवढाच त्यांचा सल्ला होता. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून घराजवळच्या जिमचे वर्षभराचे सदस्यत्व घेऊन दिले. तेथे पहिले तीन दिवस ट्रेनर मोफत होता. पहिल्या दिवशी त्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने वाकून नमस्कार केला, बूट कसे असावेत ते समजावले, स्वतः टॉवेल आणून दिला. दुसऱ्या दिवशी त्याने अण्णांना एका यंत्रावर अनवाणी उभे केले. यंत्रातून कागद बाहेर आला. त्यावर लाल अक्षरांत ‘शरीराचे वय ६७’ असे छापलेले होते. तिसऱ्या दिवशी घाम पुसून होतो न होतो तोच त्यांना काचेच्या केबिनमध्ये बसविण्यात आले.

‘‘काका, तुम्ही चोपन्नचे, पण शरीर सदुसष्टचं आहे. एकट्यानं वजनं उचलायला गेलात आणि गुडघा गेला, तर?’’ ट्रेनर म्हणाला. मॅनेजरने कागद पुढे सरकविला. ‘‘सर, अठ्ठेचाळीस सत्रांचे मूळ अठ्ठेचाळीस हजार. आज महिनाअखेर म्हणून छत्तीस. उद्या हा दर सिस्टीममध्ये दिसणारसुद्धा नाही.’’

‘‘घरी विचारून सांगतो,’’ अण्णा म्हणाले.

‘‘सर, एवढं मोठं दुकान चालवता, आणि स्वतःच्या तब्येतीसाठी घरी विचारावं लागतं?’’

या वाक्यानंतर अण्णांनी खिशातून फोन काढला आणि पैसे भरले.

केबिनमध्ये काय घडले

जे घडले त्यात बळजबरी कोठेच नव्हती. कोणी आवाज चढविला नाही, दार अडविले नाही. तरीही अण्णांच्या हातून निर्णय निसटला. तो कसा निसटला, हे समजून घेणे व्यापारी घराला अवघड नाही; कारण यातली प्रत्येक क्लृप्ती पेठेतही ओळखीची आहे.

पहिली क्लृप्ती उपकाराची. मोफत मिळालेल्या तीन दिवसांचे आणि टॉवेलचे ओझे मनावर राहते, आणि ते उतरविण्याची संधी केबिनमध्ये मिळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात परतफेडीच्या या ओढीला आरंभीचे स्थान दिले आहे. दुकानात गिऱ्हाईक टेकले की चहा मागविण्याची रीत याच जाणिवेवर उभी आहे.

दुसरी क्लृप्ती भीतीची. ते यंत्र शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडते आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबी व स्नायू यांचा अंदाज बांधते. शरीरात पाणी किती आहे, जेवण केव्हा झाले, व्यायाम नुकताच झाला आहे का, यांवर ते आकडे बदलतात. ‘शरीराचे वय’ हा तर यंत्र बनविणाऱ्याच्या सूत्रातून निघालेला आकडा असतो. ते डॉक्टरांचे निदान नव्हे. अण्णांच्या डॉक्टरांनी साखर काठावर म्हटली होती. सदुसष्ट हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

तिसरी क्लृप्ती उंच भाव आधी सांगण्याची. १९७४ साली डॅनियल कानमन आणि अमॉस ट्व्हर्स्की यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरविले. ते काहींसाठी १० वर आणि काहींसाठी ६५ वर थांबे, तशी सोयच केलेली होती. मग विचारले, की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के आहेत. दहा पाहिलेल्यांचे मधले उत्तर २५ आले, पासष्ट पाहिलेल्यांचे ४५. ज्या आकड्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, तोही अंदाज ओढून नेतो. मग मॅनेजरने मुद्दाम उच्चारलेला अठ्ठेचाळीस हजारांचा आकडा छत्तीस हजारांना स्वस्त भासविणार, यात आश्चर्य काय?

चौथी क्लृप्ती घाईची, आणि पाचवी लाजेची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत १३ प्रकार नोंदविले आहेत. खोटी निकड निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाजविणे आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा टोचत राहणे हे त्यांतले तीन. ही तत्त्वे ऑनलाइन व्यवहारांसाठी आहेत, तेव्हा जिमने ॲपवरून पॅकेज विकले तर ती लागू होतात. केबिनमधल्या तोंडी बोलण्याला ती थेट लागू नसली, तरी ओळख पटविण्यास त्यांची नावे पुरेशी आहेत. ‘उद्या दर दिसणार नाही’ ही खोटी निकड. ‘घरी विचारावं लागतं?’ हे लाजविणे.

पाचही क्लृप्त्यांत सर्वांत खोल गेली ती शेवटची. घरच्यांशी विचारविनिमय करणे ही व्यापारी कुटुंबाची ताकद असते. मोठा सौदा चार डोकी एकत्र आल्याशिवाय होत नाही. केबिनमधल्या त्या एका वाक्याने ही ताकद दुबळेपणासारखी दाखविली, आणि अण्णा एकटे पडले. रक्कम वहीत न लिहिण्याचे मूळही तेथेच होते.

गरज कोणाला, किती

यावरून ट्रेनर निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठका मारणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही, की शिकविणारा कशाला हवा. वजन उचलताना कंबर कशी ठेवावी, गुडघा कोठवर वाकवावा, श्वास केव्हा सोडावा, हे पाहून आणि चुका दुरुस्त करूनच कळते. गुडघ्याचे किंवा पाठीचे जुने दुखणे, शस्त्रक्रियेनंतरचे महिने, मधुमेह, उच्च रक्तदाब, उतारवय अशा स्थितीत जाणत्या माणसाची देखरेख मोलाची ठरते.

प्रश्न राहतो तो किती, हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. यातला पहिला भाग आमराई बागेतल्या किंवा कृष्णाकाठच्या भरभर चालण्याने फुकट साधतो. दुसऱ्या भागासाठी आठवड्यातले दोन दिवस पुरतात. म्हणून नवशिक्याने आधी आठ-दहा सत्रे घ्यावीत, हालचाली शिकून घ्याव्यात, मग पुढचे ठरवावे. अठ्ठेचाळीस सत्रे एकदम विकत घेणे म्हणजे नव्या गिरणीचा एक ताका धुऊन पाहण्याआधी गाडीभर माल उचलणे.

जिमच्या हिशेबात आणखी एक फट आहे, आणि ती गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या उमेदीत असते. स्टेफानो देल्लाविग्ना आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सदस्यांचा तीन वर्षांचा हिशेब मांडला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक ठोक रक्कम भरणारे सदस्य सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे त्यांना एक फेरी १७ डॉलरहून महाग पडली. त्याच क्लबात दहा फेऱ्यांचा पास घेतला असता, तर एक फेरी १० डॉलरला पडली असती. त्यांना कोणी फसविले नव्हते. आपण रोज जाऊ, असे त्यांना मनापासून वाटले होते. पॅकेज विकणारा माणूस हीच उमेद विकत असतो. म्हणून गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती दिवस गेलो, तो आकडा धरूनच भाव काढावा.

नकार कसा द्यावा

व्यापारी माणसाला नकार देणे जड जाते, कारण ज्याला नकार द्यायचा तो उद्याचा गिऱ्हाईक असू शकतो. म्हणून तोंडून ‘बघू’, ‘सांगतो’, ‘पुढच्या महिन्यात’ असे शब्द निघतात. विक्रेत्याच्या कानाला हे शब्द नकाराचे वाटत नाहीत. त्याच्या वहीत ते ‘पुन्हा फोन करणे’ या रकान्यात जातात. मग रोज फोन येतो, जिममध्ये शिरताना नजर चुकवावी लागते, आणि पंधरा दिवसांत माणूस व्यायामालाच जाणे सोडतो. सदस्यत्वाचे पैसे भरलेले असतात, ते वाया जातात. आणि ज्या आरोग्यासाठी सारे आरंभले ते तेथेच राहते. मोघम उत्तराची खरी किंमत ही आहे.

स्पष्ट नकार त्याहून सौम्य असतो. ‘‘मला पर्सनल ट्रेनिंग घ्यायचं नाही. गरज पडली तर मी स्वतः येईन. कृपा करून पुन्हा विचारू नका.’’ तीन वाक्ये पुरतात. कारण सांगू नये; कारण दिले की त्याला उत्तर मिळते. पैसे नाहीत म्हटले तर मासिक हप्ते पुढे येतात, वेळ नाही म्हटले तर पहाटेचे पाच दाखविले जातात. ‘आजच’ असे कोणी म्हटले तर उत्तर एकच असावे, ‘‘आज ठरवायचंच असेल, तर माझं उत्तर नाही असं आहे.’’ घरी विचारण्यावरून कोणी डिवचले, तर मान खाली घालू नये. ‘‘आमच्या घरात पाच हजारांवरचा खर्च एकटा कोणी ठरवत नाही,’’ हे वाक्य अभिमानाने उच्चारण्याजोगे आहे, आणि असा नियम घरात खरोखरच असला तर ते सहज उच्चारले जाते. केबिनमध्ये बसायला बोलावले तर उभ्यानेच, बाहेर, सर्वांसमोर बोलावे. फोनचा त्रास थांबत नसेल तर १९०९ या क्रमांकावर व्यापारी कॉल नकोत अशी नोंदणी करता येते.

एक भान मात्र ठेवावे. अनेक जिममध्ये ट्रेनरचा मूळ पगार तुटपुंजा असतो आणि सत्रांच्या विक्रीतला हिस्सा त्याची खरी कमाई असतो. महिन्याचे टार्गेट वरून आलेले असते. वाकून नमस्कार करणारा तो मुलगाही कोणाच्या तरी हिशेबाच्या धाकात असतो. नकार पॅकेजला द्यावा, माणसाला नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याला हसून ‘‘कसा आहेस?’’ विचारता आले, म्हणजे नकार बरोबर दिला गेला.

घरातल्या सुना-मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. स्त्री-ट्रेनर हवी असेल तर ती मागणी संकोचाची नाही; ती नाव घालून लेखी घ्यावी. शरीराच्या बांध्यावर टोमणा मारून पॅकेज विकू पाहणाऱ्या जागी दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार भारतीय कायद्यात मुळात करारच ठरत नाही. तेव्हा बारावीतल्या मुलाकडून सही घेऊन कोणी घरी बिल पाठविले, तर बिथरून पैसे भरण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

सही करण्यापूर्वी

ट्रेनर घ्यायचाच असे ठरले, तर पेढीवर माल घेताना जे विचारले जाते तेच येथे विचारावे. एका सत्राचा दर काय आणि सत्र किती मिनिटांचे? सत्रे किती दिवसांत संपवावी लागतील? आजारपण, लग्नकार्य किंवा यात्रा आली तर मुदत थांबते का? ट्रेनर नोकरी सोडून गेला तर काय? न वापरलेली सत्रे घरातल्या दुसऱ्याला देता येतात का? मध्येच थांबल्यास किती रक्कम परत मिळते? ट्रेनरचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, आणि आपल्यासारख्या दुखण्याच्या माणसाला त्याने शिकविले आहे का? तोंडी उत्तर पावतीवर उतरवून घ्यावे. जे लिहून देण्यास कोणी कचरतो, ते त्याने कबूल केलेलेच नसते.

जिममध्ये प्रत्यक्ष जाऊन सही केल्यावर काही दिवसांत मन बदलले म्हणून पैसे परत मागण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडे कायद्याने मिळत नाही. म्हणून सारी सावधगिरी सहीपूर्वीची. पावतीवरचा करही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना दर लावलेले बिल तेथेच परत करावे. हप्ते देऊ केले तर ते जिमचे औदार्य नव्हे. बहुधा ते एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि जिम सोडली तरी हप्ते सुटत नाहीत. डिजिटल कर्जासोबत मुख्य अटींचे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि त्यात किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांपुरता आकार भरून दंडाविना बाहेर पडता येते. यूपीआयवर दरमहा आपोआप पैसे कापण्याची संमती दिली असेल, तर ती त्याच ॲपमधून स्वतः रद्द करता येते.

ताटापर्यंत पोहोचणारी विक्री

सत्रांच्या मागोमाग आहाराचा तक्ता येतो आणि त्यामागे प्रथिनांचा डबा. अण्णांना मिळालेल्या छापील तक्त्यात सकाळी सहा अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी उकडलेले रताळे आणि रात्री नऊला शेक होता. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, कंदमूळ न खाणाऱ्या घरात त्या कागदाचा उपयोग काय, हे ट्रेनरला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते. एकाच साच्यातला कागद सर्वांना दिला जातो, याची ती पावतीच होती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. डाळी, उसळी, दूध, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांचा मेळ घातला तर शाकाहारी ताटातून ती गरज भागविता येते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आहार मार्गदर्शनात याच संस्थांनी स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असे सांगितले आहे. तरीही काही घ्यायचे झाल्यास डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि डब्यावर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका व १४ अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक पाहावा. कॅप्सूल असल्यास तिचे कवच जिलेटिनचे आहे का, हे घटकांच्या यादीत वाचावे. जिलेटिन प्राणिज असते.

पैसे देऊन झाल्यावर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णांची सून तीन महिन्यांचे बँकखाते जुळवत होती. दुकानाचा कर आणि घराचा हिशेब, दोन्ही तीच पाहते. दुपारी दुकान रिकामे असताना तिने हळू आवाजात विचारले, ‘‘अण्णा, ही छत्तीस हजारांची नोंद कोणत्या खाती टाकू?’’

अण्णा बराच वेळ ताका गुंडाळत राहिले. मग म्हणाले, ‘‘माझ्या मूर्खपणाच्या खाती टाक.’’

‘‘ते खातं आपल्या वहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘व्यायामाच्या खाती टाकते. पण पावती द्या.’’

पावती दोघांनी मिळून प्रथमच वाचली. सत्रे ४८, मुदत ९० दिवस. बारा तास आधी न कळविल्यास सत्र बुडाले असे धरले जाईल. परतावा नाही. पाच आठवड्यांत अण्णांची ११ सत्रे झाली होती. याच गतीने मुदतीत जेमतेम २८ होणार होती. म्हणजे ७५० रुपयांना घेतलेले सत्र प्रत्यक्षात सुमारे १,२८६ रुपयांना पडणार होते. कागदाच्या मागे सुनेने हा हिशेब मांडला, आणि दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांबरोबर जिममध्ये गेली.

‘‘आम्ही भांडायला आलो नाही,’’ तिने सुरुवातीलाच सांगितले. तीन मागण्या होत्या. मुदत १८० दिवसांची करावी, गुडघेदुखीच्या माणसांना शिकविलेला अनुभवी ट्रेनर द्यावा आणि उरलेली सत्रे घरातल्या कोणालाही वापरता यावीत. मॅनेजरने पहिली आणि तिसरी तेथेच मान्य केली, दुसरीसाठी आठवडा मागितला. पैसे परत करण्यास तो तयार नव्हता, आणि ते मिळालेही नाहीत. त्याच संध्याकाळी सुनेने झालेले बोलणे ईमेलने जिमला कळविले, म्हणजे ते कागदावर राहिले. आता आठवड्यातून दोन दिवस अण्णा जातात, एक दिवस त्यांच्या पत्नी.

प्रत्येक जागी असे सामोपचाराने मिटेलच, असे नाही. ट्रेनर येत नाही, कबूल केलेली वेळ मिळत नाही, जिमच बंद पडली, अशा वेळी पावतीवरची ‘परतावा नाही’ ही ओळ शेवटचा शब्द ठरत नाही. सेवेतल्या उणिवेविषयी तक्रारीचा हक्क राहतोच. आधी लेखी पत्र द्यावे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही काम झाले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पावती, संदेश आणि भरलेल्या रकमेची नोंद जपून ठेवलेली असली, म्हणजे झाले.

या सगळ्यापेक्षा मोठी दुरुस्ती मात्र जिममध्ये झाली नाही. माघात लग्नाची खरेदी जोरात होती. मिरजेकडून आलेली एक बाई आईला घेऊन गादीवर बसली होती. दहा-बारा साड्या उलगडून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘आज फक्त बघून जाते. घरी विचारून सांगते.’’ विक्रीवर बसलेला मुलगा चटकन बोलला, ‘‘ताई, एवढ्या लांबून आलात, लेकीच्या लग्नाची साडी, आणि घरी विचारायला लागतं?’’

गल्ल्यावरचे अण्णा जागचे उठले. हे वाक्य त्यांच्या दुकानात किती वर्षे बोलले जात होते, कोणास ठाऊक. त्यांना ते त्या दिवशी प्रथम ऐकू आले. त्यांनी स्वतः साड्यांच्या घड्या घातल्या, आवडलेल्या दोन साड्यांचे भाव चिठ्ठीवर लिहिले आणि खाली लिहिले, ‘आठ दिवस हाच भाव’. बाईंना म्हणाले, ‘‘घरी अवश्य विचारा. विचारूनच घ्यावं.’’

रात्री दुकान वाढविण्यापूर्वी त्यांनी मुलांना जवळ बोलावले आणि एवढेच सांगितले, की गिऱ्हाईक घरी विचारतो म्हणाला, की त्याला भाव लिहून द्यायचा आणि पाणी विचारायचे. त्यापुढे काही बोलायचे नाही.